कुत्र्याला ठेचा चारताय? मिरचीपेक्षा कांदा-लसणाला घाबरा

डिसेंबर-जानेवारीत अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही शेतात हुरडा पार्टीला जा, चित्र सारखंच असतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली ज्वारीची कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा, सोबत ठेचा, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ. आणि पंगतीच्या कडेला, पुढचे दोन पाय पसरून बसलेला शेतातला कुत्रा.

मग कोणीतरी भाकरीच्या तुकड्याला ठेचा फासून त्याच्यापुढे टाकतं. कुत्रा एका घासात गिळतो, जीभ बाहेर काढतो, डोकं झटकतो, पाण्याकडे पळतो. सगळे हसतात. एकाच्या हातात मोबाईल असतोच, त्याची रील होते. कोणी म्हणालंच की अरे नको देऊ, तर उत्तर तयार असतं, "काही नाई होत बाप्पा, वऱ्हाडातला कुत्रा हाय तो!"

खरंच काही होत नाही का?

रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुठे खायला घालायचं, यावर सध्या देशभर भांडणं सुरू आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितलं की, वॉर्डात ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घाला, वाट्टेल तिथे नको. कुठे घालायचं यावर सगळ्यांना मत आहे. काय घालायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही. आणि आपल्या ताटातली तोंडी लावायची डावी बाजू, म्हणजे चटण्या, लोणची, ठेचा, ही कुत्र्यासाठी सगळ्यात अवघड बाजू आहे.

आधी मिरचीचं बघू, कारण सगळ्यांना तिचीच भीती वाटते.

मिरची तिखट लागते ती कॅप्सायसिन या घटकामुळे. गंमत म्हणजे तिखट ही चव नाहीच. उष्णता आणि वेदना टिपणारा एक ग्राही आपल्या मज्जातंतूंवर असतो, मिरची त्यालाच फसवते आणि मेंदूला वाटतं तोंड भाजलं. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तो माणसात आहे तसा कुत्र्यातही आहे. पक्ष्यांमधला ग्राही मात्र कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पिंजऱ्यातला मिठू हिरवी मिरची आरामात कुरतडतो आणि खाली बसलेल्या कुत्र्याचा त्याच मिरचीने जीव कासावीस होतो.

कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्याही कमी. माणसाच्या सुमारे ९ हजार, कुत्र्याच्या जेमतेम १७००. ठेच्यातली जी मजा आपल्याला येते ती त्याला येत नाही, नुसती आग येते. लाळ गळणं, उलटी, जुलाब, पोटात मुरडा हे सगळं होऊ शकतं. पण थोडा ठेचा खाल्लेला धडधाकट कुत्रा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. राखणीचा कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्याला मुद्दाम मिरची चारणारी मंडळीही आहेत. त्याने कुत्रा शूर होत नाही. पोट दुखणारा कुत्रा चिडका होतो, एवढंच.

म्हणजे मिरची छळते. मारण्याचं काम तिच्या शेजारी बसलेला दुसराच माल करतो.

खरा घोळ कांद्या-लसणाचा

कांदा खाऊ घातल्याने कुत्र्यांना रक्तक्षय होतो, हे अमेरिकेत १९३० सालीच प्रयोगातून नोंदवलं गेलं. आता त्याला जवळपास शंभर वर्षं होतील, तरी आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी पोचलेली नाही.

होतं काय की कांदा, लसूण, कांद्याची पात या सगळ्या एकाच कुळातल्या भाज्या. त्यांचा उग्र वास येतो गंधकाच्या संयुगांमुळे. ही संयुगं कुत्र्याच्या पोटातून रक्तात गेली की तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. हिमोग्लोबिनवर गंधकाच्या काही हळव्या जागा असतात. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अशा जागा साधारण २, कुत्र्याच्या ४ आणि मांजरीच्या ८ किंवा जास्त. (मांजरवाल्यांनी हा आकडा जरा दोनदा वाचावा.) हल्ला झालेलं हिमोग्लोबिन पेशीतच गोळा होऊन बसतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या काठाला छोटा फोड आल्यासारखं दिसतं, त्याला हाइन्झ बॉडी म्हणतात. अशा पेशी शरीर स्वतःच मोडीत काढतं. पेशी तयार होतात त्यापेक्षा जास्त मोडल्या की कुत्र्याच्या अंगातलं रक्त कमी होत जातं.

आता शिजवल्यावर कांद्याचा दर्प जातो, मग विषही जात असेल? नाही. कच्चा, भाजलेला, तळलेला, वाळवून पूड केलेला, कुठल्याही रूपात तो कुत्र्याला बाधतो. उलट आपण रश्श्यासाठी कांदा भाजून, परतून, आटवून वाटण करतो तेव्हा थोड्या जागेत जास्त कांदा मावतो. कांद्यात ८५ ते ९० टक्के पाणीच असतं, त्यामुळे चमचाभर कांदा पूड म्हणजे चमचाभर कांदा नव्हे, त्याच्या कितीतरी पट.

किती खाल्ला म्हणजे धोका? पशुवैद्यकात दोन आकडे वापरले जातात. एका वेळी कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर विषबाधा गृहीत धरायची. आणि किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात ठळक बदल झाल्याच्या नोंदी आहेत. हे आपल्या गल्लीत आणून बघा. १५ किलोच्या गावठी कुत्र्यासाठी अर्धा टक्का म्हणजे ७५ ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. ३ किलोच्या पॉमेरेनियनसाठी तोच आकडा १५ ग्रॅम. १५ ग्रॅम म्हणजे पोह्यांवर भुरभुरतो तेवढा चिरलेला कांदा! गल्लीतला मोत्या ज्या वाटीभर रश्श्यावर निभावून जाईल, त्याच वाटीवर घरातली पॉमी आजारी पडू शकते.

लसूण कांद्यापेक्षा तोळामासा जास्तच जहाल धरला जातो. पण इथे उगाच घाबरवायला नको. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या २००० सालच्या एका अभ्यासात कुत्र्यांना रोज किलोमागे ५ ग्रॅम लसणाएवढा अर्क सात दिवस दिला. त्यांच्या तांबड्या पेशींमध्ये स्पष्ट बिघाड दिसला, तरी आठवडाभरात कुणीही रक्तक्षयाने कोसळलं नाही. १० किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण रोज ५० ग्रॅम, म्हणजे एक मोठा गड्डा लसूण होतं. तेव्हा भाकरीला फासलेल्या ठेच्यातल्या अर्ध्या पाकळीने कुत्रा जात नाही. अडचण आहे ती रोजच्या सवयीची. सकाळी लसणाच्या चटणीची पोळी, दुपारी कांद्याचा झुणका, रात्री उरलेला रस्सा. थोडं थोडं, पण रोज. गोचीड लागू नये, जंत पडावेत म्हणून रोज लसूण चारणारे लोकही आहेत. त्याने गोचीड जातात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे खात्रीची औषधं आहेत.

चौथ्या दिवशीची गोष्ट

कांद्याची बाधा लगेच दिसत नाही, हा या सगळ्यातला वाईट भाग. पहिल्या दिवशी फार तर एखादी उलटी. मग कुत्रा ठीक वाटतो. पेशी मोडत जातात आणि तीन-चार दिवसांनी तो गपगप पडून राहायला लागतो. जेवत नाही, धाप लागते, हिरड्या गुलाबीच्या पांढुरक्या होतात, लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची येते. तोवर रविवारची पंगत कुणाला आठवत असते?

त्यात आपल्याकडे एक वेगळाच गोंधळ. गोचीड चावल्याने होणाऱ्या बबेसियासारख्या तापातही हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. कुत्र्याच्या अंगावर दोन गोचीड सापडले की मालकालाही तेच वाटतं. डॉक्टर रक्त तपासून फरक ओळखू शकतात, पण त्यांना सांगायला तर हवं ना, की चार दिवसांपूर्वी याने भरल्या कांद्याची भाजी फस्त केली होती. कांद्याच्या विषाला उतारा असं औषध नाही. सलाईन, ऑक्सिजन, आणि फारच खालावला तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं. तो दाता कुत्रा ऐन वेळी शोधणं किती सोपं आहे, याची कल्पना करा.

बाकीच्या वाट्यांचं थोडक्यात सांगते. लोणचं टिकतं ते मिठावर. कुत्र्याच्या पोटात किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ गेलं की लक्षणं दिसतात, ४ ग्रॅमला जीव जाऊ शकतो. फोडीने एवढं होणार नाही, पण बरणीच पालथी घातली आणि कुत्रा छोटा असला तर होईल. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे असतो, तेव्हा प्यायला पाणी नसलेल्या कुत्र्याला हेच मीठ जास्त नडतं. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉसही मिठाचंच पाणी. टोमॅटो केचअपमध्ये टोमॅटोपेक्षा साखर, मीठ आणि बऱ्याचदा कांदा-लसणाची पूड यांचाच प्रश्न. पाकिटावर कांदा-लसूण नाही असं लिहिलेलं असलं, तरी साखर-मीठ आहेच.

चिंचेची चटणी मात्र नवी धोक्याची यादी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी बिघडवतात हे माहीत होतं, पण नेमकं कशामुळे ते कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. पुढच्या वर्षी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही किडनीचा तसाच बिघाड नोंदवला गेला. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा. संशोधन अजून सुरू आहे, पण चिंच-गुळाच्या आमटीची वाटी कुत्र्यापुढे सरकवायची नाही, इतकं ठरवायला ते पुरेसं आहे.

आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर शुगर-फ्री जॅम, पीनट बटर, च्युइंगम यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा. झायलिटॉल लिहिलं असेल तर ते कुत्र्याच्या आवाक्यात ठेवूच नका. किलोमागे ०.१ ग्रॅममध्येही त्याची रक्तातली साखर झपकन खाली येते, कधी अर्ध्या तासात. इथे चार दिवसांची सवड मिळत नाही.

खाल्लंच तर?

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. व्हॉट्सॲपवर फिरणारा हा उपाय म्हणजे एका विषावर दुसरं विष. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती, या चार गोष्टी लिहून तडक पशुवैद्यकाकडे जा. खाऊन एक-दोन तासच झाले असतील तर पोट रिकामं करण्याचा उपाय डॉक्टर करू शकतात, म्हणून उद्या बघू म्हणण्यात अर्थ नाही. अकोल्यात नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथे शिकवण्यासोबत प्राण्यांवर उपचारही होतात. अमरावतीत शासकीय दवाखाना आणि खासगी डॉक्टर आहेत. तुमच्या जवळच्या डॉक्टरांचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा, रात्री साडेअकराला गुगल करत बसायची वेळ येऊ नये.

मग ताटातलं काहीच द्यायचं नाही का? देता येतं की. कोरडी भाकरी, साधा भात, उकडलेलं अंडं, थोडं बिनसाखरेचं दही. वरण द्यायचं तर फोडणी आणि मीठ घालायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढा. आणि हुरड्याला गेलात तर ठेच्याचा खलबत्ता आणि कांद्याच्या सालींचा ढीग उंचावर ठेवा. आपण हात धुवायला उठलो की पहिली धाड तिथेच पडते.