हिरव्या पानांतील एकत्र कुटुंब

हौदाच्या कडेचें शेवाळ आपण घांसून टाकतों. पण प्रकाश वेंचण्याची त्याची रीत कळली म्हणजे त्याजविषयीं आदरच वाटूं लागतो. १९३२ सालीं एमर्सन व आर्नल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं क्लोरेला नामक एकपेशी हिरव्या शेवाळावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. तेव्हां एका झोतांत प्राणवायूचा एक रेणु सुटण्यामागें हरितद्रव्याचे सुमारें २५०० रेणु असल्याचें आढळलें! पुढें उलगडा झाला कीं, बहुतेक रेणु प्रकाश केवळ गोळा करतात व ती शक्ति शेजाऱ्यांकरवीं मोजक्या केंद्रांकडे पोंचवितात. रासायनिक कार्यास आरंभ तेथेंच होतो. अंगणांतील तुळशीच्या पानांतहि हीच व्यवस्था आहे. मिळविणारे अनेक, चूल एक, ही रीत आमच्या वाचकांस निराळी समजावून सांगावयास नको.