न्हाणी करताना आधी पाण्याची वाट बघा

टेंभुर्णीहून आम्ही बचत गटाच्या मैत्रिणी बोलतोय.

आमच्या गटातल्या तिघींनी अंतर्गत कर्ज मागितलं, तेही घरची न्हाणी नीट करून घ्यायला. बैठकीत कुजबुज झाली. न्हाणीसाठी कुठं कर्ज काढतात का? मग एकेक जण बोलायला लागली. कुणी अजून पत्र्याच्या आडोशाला, अंगावर साडी ठेवूनच आंघोळ करत होती. कुणाची वयात आलेली मुलगी अंधार असतानाच उठून उरकून घेत होती. एकीची सासू गुळगुळीत फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याला गेला तेवढ्या पैशात चांगली न्हाणी झाली असती. कर्ज मंजूर झालं.

तीन न्हाण्या झाल्या, पण पहिली चुकली. आम्ही आधी दुकानात जाऊन टाइल पसंत केल्या. पाणी कुठं जाणार, हे कुणी विचारलंच नाही. पाणी दाराशी साचायचं, शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल चढली. शेवटी नवी फरशी उखडावी लागली. म्हणून आज सांगतोय ते क्रमानं ऐका.

पहिलं, जागा. 4 फूट बाय 5 फूट जागा एका माणसाला पुरते. गवंड्याला बोलवायच्या आधी जमिनीवर खडूनं आखा. त्यात बादली ठेवा, पाटावर बसा, पाठीवर हात फिरवून बघा. कोपर भिंतीला लागतंय का? साडी कुठं अडकवणार? दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कुणी चक्कर येऊन पडलं, तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. खिडकी डोक्याच्या वर, तिरप्या काचपट्ट्यांची घ्या. उजेड आणि वारा येतो, बाहेरून दिसत नाही.

दुसरं, पाणी जायची वाट. गटाराची सोय नसेल तर शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यात आपल्याच नावाचं टेंभुर्णी गाव आहे. तिथं घरोघरी शोषखड्डे केले, उघडी गटारं सुकली आणि डास हटले. त्या पद्धतीत साधारण 4 फूट लांब, 4 फूट रुंद आणि 4 फूट खोल खड्डा घेतात. मध्ये वरच्या बाजूला भोकं पाडलेली टाकी बसवतात, भोवती दगड भरतात. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, पाणी भोकांतून दगडांत जातं आणि जमिनीत मुरतं. आपल्याकडची काळी माती पाणी लवकर पीत नाही, ओली झाली की फुगते. त्यामुळं मुरूम लागेपर्यंत खणा आणि खड्डा घराच्या पायापासून लांब घ्या. विहीर-बोअरच्या जवळ तर नकोच. संडासाचं पाणी यात सोडू नका. रोजगार हमीतून अशी कामं झालेली आहेत, ग्रामपंचायतीत विचारून बघा.

तिसरं, फरशी. घरापेक्षा न्हाणीची फरशी इंचभर खाली हवी. जाळीकडं 4 फुटाला 1 इंच उतार ठेवा. जाळीखाली नहाणी ट्रॅप बसवायला सांगा. त्यात थोडं पाणी कायम अडून राहतं, म्हणून वास आणि झुरळं वर येत नाहीत. मग कोब्यावर आणि भिंतीच्या खालच्या भागावर वॉटरप्रूफिंग. ते वाळलं की जाळी बंद करून पाणी भरा आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवा. पाणी उतरलं किंवा बाहेर ओल दिसली, तर तिथंच दुरुस्ती करा. टाइल त्यानंतर. खाली खरखरीतच घ्या, चकचकीत भिंतीला शोभते.

चौथं, शॉवर. तो सुमारे पावणेसात फुटांवर लावतात. पाण्याला जोर टाकीच्या उंचीचा असतो. टाकी छतावर नुसती टेकवली तर शॉवर ठिबकतच राहील. तिच्याखाली 4-5 फुटांचा चौथरा किंवा स्टँड हवा. शॉवर मिनिटाला 8-10 लिटर पाणी घेतो, म्हणजे 5 मिनिटांत 40-50 लिटर. बादलीत 15-20 लिटरमध्ये आंघोळ होते. उजनी जवळ असली तरी आपल्या नळाला रोज पाणी असतंच असं नाही. म्हणून शॉवरबरोबर बादलीचा नळही ठेवा. बोअरचं पाणी जड असेल तर शॉवरची भोकं क्षारानं बुजतात. शॉवर काढून लिंबाच्या पाण्यात भिजवा आणि जुन्या ब्रशनं घासा.

पाचवं, गरम पाणी. इथं जिवाशी गाठ आहे. लगेच पाणी तापवणारा छोटा गिझरही बहुतेक 3 किलोवॅटचा असतो. त्याला वेगळी जाड वायर, 16 अँपिअरचं बटण, अर्थिंग आणि शॉक बसताच वीज तोडणारं यंत्र हवं. बटण न्हाणीबाहेर ठेवा. बादलीत रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघू नका. गॅस गिझर बंद न्हाणीत कधीच लावू नका. त्यातून विषारी वायू निघू शकतो. त्याला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतं. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवा.

राहिलं ते बारीक, पण आपलंच. सासूबाईंसाठी भिंतीला पक्का दांडा आणि बसायला दीड फुटाचा कट्टा. लेकीसाठी आतून लागणारी कडी, पाळीच्या दिवसांसाठी झाकणाचा डबा आणि एक कोनाडा. हे गवंड्याला आपणच सांगायचं असतं, कारण न्हाणीत धुणं, पोरांच्या आंघोळी सगळं आपल्याच वाट्याला येतं.

गवंड्याचे शेवटचे पैसे देण्याआधी बादलीभर पाणी दाराशी ओता. सगळं जाळीकडं गेलं, तर काम झालं. कोपऱ्यात डबकं राहिलं, तर पैसे थांबवा.

ती सासू आता दांडा धरून स्वतःची आंघोळ स्वतः करते. कर्जाचे हप्तेही वेळेवर येताहेत. पुढच्या बैठकीत तुमच्या गटात हा विषय काढा.