प्याला तोंडाला लावला की चेहऱ्यावर मुखवटा! काय होतं प्राचीन ग्रीकांचं ‘कायलिक्स’?

‘सिम्पोझियम’ म्हटलं की आपल्याला चर्चासत्र आठवतं. पण या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘एकत्र पिणं’. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समधले श्रीमंत पुरुष डाव्या कोपरावर रेलून अशा मैफिली रंगवायचे. आधी देवांच्या नावानं थोडी वाइन ओतायची, मग पिणं सुरू. वाइनमध्ये पाणी मिसळणं सक्तीचंच, कारण नुसती वाइन पिणारा त्यांच्या मते रानटी!

या मैफिलीतला खास प्याला म्हणजे कायलिक्स. भाजलेल्या मातीचा, उथळ, पसरट, खाली उंच बैठक आणि दोन बाजूंना कान.

त्यात विशेष काय?

अनेक कायलिक्सच्या बाहेरच्या बाजूला दोन मोठे डोळे रंगवलेले असत. पिणाऱ्यानं प्याला तोंडाला लावून वर केला की समोरच्यांना त्याच्या चेहऱ्याऐवजी ते डोळेच दिसायचे. कान म्हणजे मुखवट्याचे कान आणि बैठक म्हणजे तोंड!

आतल्या तळालाही चित्र असे. वाइन संपत आली की ते हळूहळू उघडं पडायचं. तळाशी उरलेला गाळ प्याला फिरवून नेमावर भिरकवायचा, असा ‘कोटाबोस’ नावाचा खेळही होता.

काळा रंग कुठून आला?

तो वेगळा रंग नव्हताच. बारीक गाळलेल्या चिकणमातीचा पातळ लेप द्यायचा आणि भट्टीतली हवा कमी-जास्त करायची. लेप काळा व्हायचा, बाकीची माती लालच राहायची.

हे प्याले इटलीत कसे सापडले?

इटलीतले एट्रुस्कन लोक ही भांडी विकत घेत आणि मृतांसोबत थडग्यात ठेवत. एक्झेकियास या कुंभाराचा इ.स.पू. ५३० च्या सुमाराचा प्रसिद्ध कायलिक्स असाच इटलीतल्या वुल्चीत सापडला. तो आता जर्मनीत म्युनिकच्या संग्रहालयात आहे. त्याच्या आत वाइनचा देव डायोनिसस नावेत पहुडलाय, डोलकाठीवर द्राक्षवेल चढलाय आणि भोवती डॉल्फिन पोहताहेत.

थडग्यांवर चोरांचीही नजर होतीच. वाइन आणि पाणी मिसळायच्या भांड्याला ‘क्रेटर’ म्हणत. युफ्रोनिओस या चित्रकारानं रंगवलेला एक क्रेटर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं १९७२ मध्ये १० लाख डॉलरना घेतला. तो इटलीतल्या थडग्यातून चोरलेला निघाला आणि २००८ मध्ये इटलीला परत गेला.

भांडं परत येतं. पण चोरांनी थडगं उकरलं की ते कुणाशेजारी, कशासोबत ठेवलं होतं, ही माहिती कायमची जाते.