बर्लिन शहरी आठ दिवस



दसरा झाला की आपल्याकडे बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड उडते. गेल्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत मी जर्मनीच्या राजधानीत, बर्लिनला, आठ दिवस राहून आलो. आमची थोरली मुलगी तिथे अन्नतंत्रज्ञान शिकते. सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी नाही. पण वर्षभराच्या राहण्या-जेवणाचा पैसा आधीच बँकेत ठेवून दाखवावा लागतो. त्यासाठी कर्ज काढले, फेड ऊसबिलातून चालू आहे. “पोरीला एवढ्या लांब धाडून काय मिळवलंस?” असे पारावर पुष्कळांनी विचारले. खरे सांगतो, तो प्रश्न माझ्याही मनात होता. शहर बघणे हे निमित्त. मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेलो होतो.

पहिल्या दिवशी मुलीने १०० नंबरच्या दुमजली बसमध्ये बसवले. कंडक्टर नाही. तिकीट आपणच यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. रेल्वे स्टेशनातही अडवायला फाटक नाही. मात्र तपासनीस आला आणि तिकीट नसले, तर ६० युरो दंड. विश्वास आधी, तपासणी नंतर, अशी तिथली रीत.

बसमधून पार्लमेंटची इमारत दिसते. तिच्यावरचा काचेचा घुमट १९९९ साली झाला. आधी नाव नोंदवले की कोणीही वर जाऊन खालचे सभागृह पाहू शकतो. प्रतिनिधी खाली आणि जनता वर! आपल्या वार्षिक सभेची आठवण झाली; तिथे व्यासपीठ नेहमी उंच असते.

पुढे ब्रांडेनबुर्ग वेस. ही १७९१ साली बांधून झाली. ऑक्टोबर १८०६ मध्ये नेपोलियन या वेशीतून शहरात शिरला आणि वरचा चार घोड्यांचा रथ उतरवून पॅरिसला घेऊन गेला. रथ १८१४ साली परत आला. पण आपल्या कामाची गोष्ट निराळीच आहे. २१ नोव्हेंबर १८०६ रोजी याच शहरात त्याने फर्मान काढले, की युरोपात इंग्रजांचा माल येता कामा नये. वसाहतींतल्या उसाची साखर समुद्रावरूनच यायची. ती अडली, महाग झाली, आणि बीटाच्या साखरेचे नशीब उघडले.

ते बीटही मूळ बर्लिनचेच. तंत्रज्ञान संग्रहालयात साखरेचा स्वतंत्र विभाग आहे. जुने साखर संग्रहालय १९०४ साली सुरू झाले होते; २०१५ पासून तो ठेवा या नव्या जागी मांडला आहे. तिथे मी अर्धा दिवस काढला. मार्कग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली बीटातून साखरेचे खडे काढून दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड. त्याने बर्लिनजवळच्या आपल्या शेतात निरनिराळी बीटे लावून चांगले वाण निवडले. प्रशियाच्या राजाने कर्ज दिले, आणि १८०१-०२ मध्ये सायलेशियातल्या कुनेर्न गावी जगातला पहिला बीट साखर कारखाना उभा राहिला. उतारा जेमतेम ४ टक्के! १८०७ साली कारखाना जळाला. १८२१ साली आखार्ड गरिबीतच वारला. आज चांगल्या बीटात १६ ते १८ टक्के साखर असते, पण तो दिवस पाहायला तो नव्हता.

हे बीट आपल्या कोशिंबिरीतले लाल बीट नव्हे. पांढरे, मुळ्यासारखे निमुळते. एक दिवस रेल्वेने माग्देबुर्गकडे गेलो, तेव्हा बांधाला त्याचे लांबच लांब ढीग लागलेले दिसले. वसंतात पेरणी आणि शरदात काढणी, म्हणजे सहा-सात महिन्यांचे पीक. एकच यंत्र एका वेळी सहा ओळी उपटते. टोळी नाही, मुकादम नाही, उचल नाही. बगॅस मात्र त्यांच्याकडे निघत नाही, त्यामुळे इंधन बाहेरून घ्यावे लागते. चोथा जनावरांना घालतात. तिथल्या मोठ्या साखर कंपन्यांतही बीट पिकवणाऱ्यांचा मोठा हिस्सा आहे. २०१७ साली युरोपातला साखरेचा कोटा उठला आणि भाव पडले, तेव्हा त्यांनाही घाम फुटला होता. दुखणे सगळीकडे सारखेच!

ब्रांडेनबुर्ग वेशीला लागूनच सहकारी बँकांच्या मध्यवर्ती बँकेची इमारत आहे, तेही सांगायला हवे. रायफायझेन आणि शुल्झे-डेलिच या दोघा जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात पतसंस्थांची वाट घालून दिली. त्यांचा अभ्यास निकोल्सनने मद्रास सरकारसाठी केला, १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच वाटेवर पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना उभा राहिला. त्या इमारतीसमोर उभा राहिलो, तेव्हा परक्या गावात सोयरे भेटल्यासारखे वाटले.

शेवटच्या दिवशी मुलगी म्हणाली, “आबा, आज दालेमला जाऊ.” शहराच्या कडेची शांत वस्ती. तिथे १९२७ साली मानववंशशास्त्राची एक संस्था निघाली होती. आपल्या इरावती कर्वे तिथेच शिकल्या. सासरे महर्षी कर्वे, पण सुनेने जर्मनीला जावे हे त्यांच्याही मनात नव्हते. कर्ज काढून त्या गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असे त्यांना सिद्ध करून हवे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिले, की वंशाशी याचा काही संबंध दिसत नाही. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे नाझी राजवटीत त्याच संस्थेच्या विद्येचा माणसे मारण्यासाठी वापर झाला, हे आठवले की बाईंच्या त्या निष्कर्षाचे मोल कळते.

मी त्या घरासमोर उभा होतो. परका देश, डोक्यावर कर्ज, आणि पदवी ज्याच्या हाती त्याच्या मनाविरुद्ध आकडा. तरी आकडा बदलला नाही. मंडळी, आपल्याला याची किंमत कुणी सांगायला नको. उसाची गाडी काट्यावर चढली की आपले काळीज कसे होते ते आपणच जाणतो. काट्याला जे दिसेल तेच चिठ्ठीवर उतरले पाहिजे, एवढ्यावरच आपला सारा सहकार उभा आहे.

मुलीने विचारले, “आबा, शिकून परत येऊ का इथंच राहू?” मी म्हटले, “कुठंही राहा. पण काट्यावर दिसेल तेच लिही.”

कर्जाचे अजून चार हप्ते बाकी आहेत. पारावर कुणी विचारलेच, तर आता उत्तर तयार आहे.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद