दहावीतील करिअरची आकांक्षा: घडते कशी, अडते कुठे

आवड, आकांक्षा, अपेक्षा

चित्रे काढायला आवडणे ही आवड, वास्तुविशारद व्हावेसे वाटणे ही आकांक्षा आणि घरची परिस्थिती पाहता आयटीआयलाच जावे लागेल, हा अंदाज म्हणजे अपेक्षा. नववी-दहावीत आकांक्षा आणि अपेक्षा यांतले अंतर प्रथमच ठळकपणे जाणवते.

वगळण्याची प्रक्रिया

अमेरिकी अभ्यासक लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मुले व्यवसाय निवडण्याआधी वगळत जातात. सहा ते आठ या वयात बायकांची कामे आणि पुरुषांची कामे ही विभागणी मनात रुजते. नऊ ते तेरा या वयात प्रतिष्ठेची उतरंड कळते. स्वतःच्या आवडीचा आणि कुवतीचा विचार चौदाव्या वर्षानंतर येतो, तोवर पर्यायांची बरीच छाटणी झालेली असते.

परिसर आणि वाट

ग्रामीण महाराष्ट्रातील मुलांना शिक्षक, तलाठी, पोलीस, परिचारिका, सैन्यातील जवान रोज दिसतात. मृदाशास्त्रज्ञ किंवा संख्याशास्त्रज्ञ सहसा दिसत नाही. जे दिसत नाही त्याची इच्छा धरणे अवघड. दिसणाऱ्या व्यवसायापर्यंतची वाटही मोजावी लागते. अनेक गावांत शाळा दहावीपर्यंतच असते आणि विज्ञान शाखेसाठी तालुका गाठावा लागतो. प्रात्यक्षिक संपता संपता शेवटची एसटी निघून जात असेल, तर मुलीच्या घरी कला शाखेचा निर्णय होतो. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. ही मदत मोलाची आहे, पण तिने तिकिटाचे पैसे वाचतात, गाडीची वेळ बदलत नाही.

गुण आणि आत्मविश्वास

एखादे काम आपल्याला जमेल, या विश्वासासाठी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वयंक्षमता ही संकल्पना मांडली. गणितात दोनदा नापास झालेला विद्यार्थी केवळ तो विषय नव्हे, तर त्यावर आधारलेले सगळे व्यवसाय सोडून देतो. याउलट भरपूर गुण मिळवणाऱ्याला ‘एवढे मार्क पडूनही आर्ट्स?’ हा प्रश्न विज्ञानाकडे ढकलतो. दोन्हीकडे आवडीचा विचार मागे पडतो.

खर्च

२०२४-२५ पासून राज्यात आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ आहे. त्याआधीचा नीट-जेईईच्या क्लासचा खर्च मात्र कुटुंबावरच पडतो.

कल चाचणी

राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये कल चाचणी सुरू झाली. अशा चाचणीने विविध क्षेत्रांकडील ओढा कळतो. न पाहिलेल्या क्षेत्राबद्दलचा ओढा मात्र तिच्या आवाक्याबाहेर राहतो. म्हणून माती परीक्षण प्रयोगशाळा, वीज उपकेंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना येथील भेटी सहावी-सातवीतच घडायला हव्यात, कारण प्रतिष्ठेची चाळणी लागते ती त्याच वयात.