‘पथ्य’ या शब्दाचे अर्थांतर आणि औषधसेवन

संस्कृतात ‘पथ्य’ म्हणजे मार्गापासून न ढळलेले. पाणिनीने (४.४.९२) हीच व्युत्पत्ती दिली असून, शरीरमार्गाला अनुकूल व मनाला प्रिय असे जे, ते पथ्य, असे चरकसंहितेत म्हटले आहे. म्हणजे पथ्य ही मुळात सेवन करावयाची वस्तू होय. मराठीत मात्र या शब्दाचा अर्थ बराचसा उलटला आहे. अमरावती-अकोल्याकडे कोणी ‘मला मेथीचे पथ्य आहे’ असे म्हणाला, तर मेथी त्याला वर्ज्य आहे असेच ऐकणारा समजतो. हे अर्थांतर रुग्णाच्या दृष्टीने किती महत्त्वाचे आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

आहार व औषध यांच्या संबंधाचे ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतात. पहिला अंतराचा. अनुपानाच्या जुन्या परंपरेमुळे गोळी दुधाबरोबर देण्याची रीत अनेक घरांत आहे. परंतु दुधातील कॅल्शियम टेट्रासायक्लिनशी संयोग पावते व औषध पुरेसे शोषले जात नाही. येथे दूध त्याज्य नव्हे. गोळी दुधापूर्वी १ तास किंवा नंतर २ तासांनी घेतली म्हणजे पुरे.

दुसरा वर्ज्यतेचा. मद्याची चव लपविण्यासाठी एका प्रयोगात वापरलेल्या ग्रेपफ्रूटच्या रसामुळे फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, असे कॅनडातील डेव्हिड बेली व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले (१९८९). या रसातील द्रव्ये आतड्यातील औषध-विघटक विकर निकामी करतात. नवे विकर तयार होईपर्यंत परिणाम टिकत असल्याने काही तासांचे अंतर येथे उपयोगी पडत नाही. पपनसातही अशी द्रव्ये असतात. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांत ती जवळजवळ नसतात. म्हणून ‘आंबट फळांचे पथ्य’ असे सरसकट सांगणे योग्य नव्हे.

तिसरा प्रकार सातत्याचा, आणि शब्दाचा धोका येथेच सर्वाधिक आहे. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते. हे जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत विपुल असते, आणि औषधाची मात्रा रुग्णाच्या नेहमीच्या आहाराशी जुळवून ठरविलेली असते. भाजी एकाएकी वाढली तर औषध दुबळे पडते. उलट, ‘पालेभाजीचे पथ्य’ एवढेच ऐकून रुग्णाने मेथी, पालक, आंबाडी अजिबात सोडली, तर औषधाचा परिणाम वाढून रक्तस्रावाचे भय उत्पन्न होते. आज्ञा पाळल्यानेच अपाय व्हावा, असा हा प्रसंग आहे.

तात्पर्य, ‘पथ्य पाळा’ या एका वाक्यात तीन भिन्न आज्ञा लोपून जातात. वैद्यकीय सल्ल्यात नामापेक्षा क्रियापदावर भर असावा : ‘दोन तास थांबा’, ‘मुळीच खाऊ नका’, ‘रोजच्याइतकेच खा’. यांतील शेवटची आज्ञा नेहमीच्या मार्गापासून न ढळण्याचीच आहे. म्हणजे ‘पथ्य’ या शब्दाच्या मूळ अर्थाला तीच सर्वांत जवळची आहे.