न मोजलेले आघात

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या इतिहासात २०१५ हे साल दोन खेळाडूंमुळे ध्यानात राहण्याजोगे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फोर्टी नाइनर्स’ संघातील ख्रिस बोर्लंड या चोवीस वर्षांच्या तरुणाने अवघ्या एका हंगामानंतर खेळाचा कायमचा निरोप घेतला. ऑगस्टमध्ये ओहायो राज्यातील कँटन या गावी ज्युनिअर सेआऊ या खेळाडूला त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी या खेळाच्या सन्मान-दालनात स्थान देण्यात आले. एकाची कारकीर्द एका हंगामाची, तर दुसऱ्याची तब्बल वीस हंगामांची. दोघेही संघात एकाच जागी, म्हणजे ‘लाइनबॅकर’ म्हणून खेळत. एकाने जे ओळखून पाऊल मागे घेतले, ते दुसऱ्याला हयातीत कोणी सांगितलेच नाही. या दोन कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे, खेळातील जोखीम खेळाडू स्वतः पत्करतो असे जे आपण सहजपणे म्हणतो, त्यात कितपत तथ्य आहे, याचा विचार करणे भाग पडते.

लाइनबॅकरचे काम

अमेरिकन फुटबॉलचे आपल्याकडील फुटबॉलशी असलेले नाते बहुतांशी नावापुरतेच आहे. येथे चेंडू प्रामुख्याने हातात घेऊन पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. प्रत्येक संघात अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे आणि समोरच्यांनी त्यांना रोखावयाचे, हे या खेळाचे सार. बचावाच्या पहिल्या फळीतील धिप्पाड खेळाडूंच्या मागे लाइनबॅकर उभा असतो. चेंडू कोठे जाणार हे क्षणार्धात ताडून त्याने तेथे झेपावयाचे आणि चेंडू नेणाऱ्याला जमिनीवर लोळवावयाचे. कबड्डीतील पकडीशी या कामाचे थोडेसे साम्य आहे खरे. परंतु येथे शंभर किलोंच्या आसपास वजनाचे दोन देह पूर्ण वेगाने परस्परांवर आदळत असतात. असे आदळणे हा लाइनबॅकरच्या कामातील अपघात नव्हे. तेच त्याचे काम होय.

हे काम सेआऊइतक्या आवेशाने करणारे खेळाडू फार थोडे झाले. १९६९ साली सॅन डिएगो येथे जन्मलेला हा मुलगा सामोआ बेटांतून आलेल्या कुटुंबातला. घर जवळच्याच ओशनसाइड गावी. घरची परिस्थिती बेताची. भावंडे मोटार ठेवण्याच्या खोलीत झोपत, आणि वयाच्या सातव्या वर्षापर्यंत त्याला इंग्रजी बोलता येत नव्हते. अशा घरांतील मुलांना खेळ ही विद्यापीठाच्या दारापर्यंत नेणारी शिडी वाटते, यात नवल नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण प्रवेश-परीक्षेत किमान ७०० गुणांऐवजी ६९० पडल्याने त्याला पहिले वर्ष मैदानाबाहेर काढावे लागले. ती मानहानी त्याने पुढे मैदानावर पुरेपूर भरून काढली. १९९० साली सॅन डिएगोच्या ‘चार्जर्स’ संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या क्रमांकावर घेतले.

त्यानंतरची बारा वर्षे, १९९१ ते २००२, निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी त्याचे नाव एकदाही चुकले नाही. जानेवारी १९९५ मध्ये मानेतील शीर दबलेली असतानाही पिट्सबर्गविरुद्ध त्याने सोळा वेळा प्रतिस्पर्ध्यांना लोळविले. चार्जर्सनी तो सामना १७–१३ असा जिंकला आणि प्रथमच ‘सुपर बोल’ गाठला. पुढे तो मायामीच्या आणि नंतर न्यू इंग्लंडच्या संघाकडून खेळला. २००६ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि चारच दिवसांत पुन्हा करारावर सही केली! त्याच हंगामात त्याच्या हाताचे हाड मोडले. ते सर्वांना दिसले; खेळ थांबला, उपचार झाले, आणि पुढील हंगामात तो परत मैदानात उतरला. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर २६८ सामने होते. एवढ्या वर्षांत मेंदूला धक्का बसल्याची नोंद मात्र त्याच्या संघांनी एकदाही जाहीर केली नव्हती. असे धक्के त्याला बसत आणि तो तसाच खेळत राही, हे कुटुंबीयांनी सांगितले ते त्याच्या मृत्यूनंतर.

२ मे २०१२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सेआऊने ओशनसाइड येथील राहत्या घरी आत्महत्या केली. भेटेल त्याला दोस्त म्हणून हाक मारणारा, गावातील मुलांसाठी १९९२ पासून स्वतःची संस्था चालविणारा हा माणूस अखेरच्या वर्षांत घरच्यांना अनोळखी वाटू लागला होता. कुटुंबाने त्याचा मेंदू संशोधनासाठी दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. वारंवारच्या आघातांनी मेंदूची हळूहळू झीज घडविणारा ‘सीटीई’ हा विकार त्याला जडलेला होता.

जुने ज्ञान, नवा इन्कार

या विकाराचे स्वरूप समजावून घेतले पाहिजे. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. वेगातील शरीर एकाएकी थांबले की कवटी थांबते, पण मेंदू आतल्या आत हेलकावतो आणि त्याचे नाजूक तंतू ताणले जातात. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही; आतला हेलकावा मात्र त्याला थोपविता येत नाही. खेळाडू बेशुद्ध पडलाच पाहिजे असेही नाही. ज्यांची कोणी दखल घेत नाही असे हजारो लहान धक्के वर्षानुवर्षे साचत जातात. ‘टाऊ’ नावाचे प्रथिन विकृत होऊन मेंदूत गोळा होऊ लागते. स्मृती, संयम, मनाचा तोल यांवर त्याचे परिणाम दिसतात, तेही अनेकदा खेळ सोडल्यानंतर कित्येक वर्षांनी. निश्चित निदान तर मृत्यूनंतरच्या तपासणीतच होऊ शकते. एखाद्या व्यक्तीच्या आत्महत्येचे कारण केवळ हाच विकार, असे विज्ञान छातीठोकपणे सांगत नाही, आणि तसे सांगणे योग्यही नव्हे. परंतु अशा आघातांशी या विकाराचा संबंध आहे, हे आता नाकारता येत नाही.

हा संबंध काल-परवाच ध्यानात आला, अशीही वस्तुस्थिती नाही. मुष्टियोद्ध्यांमध्ये दिसणाऱ्या अशा लक्षणांचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी १९२८ सालीच केले होते. फुटबॉलचे चालक असलेल्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’ने या प्रश्नावर समिती नेमली ती १९९४ साली, आणि तिचे अध्यक्षपद दिले ते सांधेविकारांच्या एका तज्ज्ञाकडे! २००२ मध्ये पिट्सबर्ग येथे बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी माइक वेब्स्टर या विख्यात खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली. २००५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा तो मागे घ्यावा अशी मागणी या समितीच्या सदस्यांनी केली. खेळाडूंना दीर्घकालीन अपाय होत असल्याचा पुरावा नाही, असे सांगणारे निबंध समिती स्वतः त्याच काळात प्रसिद्ध करीत होती. सेआऊ तेव्हा मैदानावर होता. लीगच्या जबाबदार अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध उघडपणे मान्य केला तो मार्च २०१६ मध्ये. तोपर्यंत सेआऊ जाऊन चार वर्षे होत आली होती.

संमतीचा प्रश्न

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. खेळाडू सज्ञान असतात. त्यांना भरपूर पैसा मिळतो. खेळ दणकट आहे हे त्यांना ठाऊक असते. मग तक्रार कसली? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. मोडलेल्या हाडाच्या आणि दुखावलेल्या गुडघ्याच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण संमतीला अर्थ येतो तो माहितीने. ज्या धोक्याचे अस्तित्वच तज्ज्ञांच्या सहीनिशी नाकारले जात होते, तो धोका पत्करण्यास सेआऊने संमती दिली होती, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? वीस हंगामांत त्याने किती जणांना लोळविले याचा बिनचूक हिशेब ठेवला गेला. त्या प्रत्येक वेळी त्याच्या मस्तकाला किती हादरा बसला, याचे खाते मात्र कोणी उघडलेच नाही.

बोर्लंडचा निर्णय नेमका याच ठिकाणी महत्त्वाचा ठरतो. २०१४ च्या सरावात एकदा डोक्याला धक्का बसला असताना, संघातील जागा जाईल या भीतीने तो खेळत राहिला. आपण हे काय करीत आहोत, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला. त्याने उपलब्ध संशोधन वाचले, तज्ज्ञांशी चर्चा केली, हंगाम उत्तम रीतीने पार पाडला आणि मगच निवृत्ती घेतली. करारावर सही करताना मिळालेल्या सुमारे सहा लाख सतरा हजार डॉलरपैकी तीन-चतुर्थांश रक्कम त्याने परत केली. त्याच्या शरीरात तोवर कोणतेही व्यंग निर्माण झाले नव्हते. केवळ संभाव्य धोक्याचा विचार करून त्याने हे पाऊल उचलले, म्हणून काहींनी त्याला भित्रा ठरविले. परंतु जी माहिती १९९० साली ओशनसाइडच्या तरुणाला मिळू शकली नाही, ती हाती आल्यावर एका समंजस माणसाने काय केले, त्याचे हे उदाहरण आहे. सर्वांनी तसेच करावे असे नाही. तीच माहिती असूनही खेळत राहणारे पुष्कळ आहेत, आणि गरिबीतून वर येण्याचा दुसरा मार्ग ज्यांना दिसत नाही त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मात्र निवड करण्याचा हक्क खरा ठरावयाचा, तर निवडीपूर्वी सत्य सांगितले गेले पाहिजे.

दरम्यान काही पावले पडली, हे मान्य केले पाहिजे. निवृत्त खेळाडूंनी लावलेल्या दाव्यांत तडजोड झाली. तिची रक्कम आरंभी ७६ कोटी ५० लाख डॉलर ठरली व पुढे ही मर्यादाही काढून टाकण्यात आली. लीगने दोष मात्र कबूल केला नाही. २०१३ पासून संघांशी संबंध नसलेले मज्जातज्ज्ञ सामन्याच्या वेळी हजर असतात. २०१८ पासून मस्तक खाली घालून धडक मारणे नियमबाह्य आहे. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या लीगच्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले, तेव्हा ११० जणांमध्ये हा विकार आढळला. मनात शंका असलेल्या कुटुंबांनीच प्रामुख्याने ते मेंदू दिले होते, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सर्व खेळाडूंना लावता येणार नाही. तरीही ११० हा आकडा लहान नाही.

या सर्व प्रकरणातून निघणारा बोध एका देशापुरता किंवा एका खेळापुरता नाही. ज्या संस्थेचे उत्पन्न खेळावर अवलंबून, तिनेच त्या खेळापासून होणाऱ्या अपायाचा निवाडा करावयाचा, ही व्यवस्था मुळातच सदोष होय. कँटन येथील समारंभात सेआऊच्या कन्येला रीतसर भाषण करू दिले गेले नाही. दिवंगत खेळाडूंच्या बाबतीत ध्वनिचित्रफीत दाखविण्याचाच नियम आहे, असे सांगण्यात आले. टीका झाल्यावर तिला व्यासपीठावर मुलाखतीपुरती संधी मिळाली. नियम कदाचित सर्वांना सारखाच असेल. पण सन्मान-दालनात सेआऊचा अर्धपुतळा उभा राहत असताना, त्या सन्मानाची किंमत काय पडली हे ज्या घराला ठाऊक होते, त्या घराचे म्हणणे त्या दिवशी थोडक्यातच आटोपले.